पायाला बांधलेली चिठ्ठी

साल 1927. पावसाळा नुकताच सरला आहे. गिरगावातल्या मुलींच्या एका मराठी शाळेत तू पाचवीत आहेस आणि तुझं वय अकरा वर्षं. एरवी तू पुरुष आहेस की बाई, तिशीतला की सत्तरीतली, ते आजच्या दिवसापुरतं खुंटीला टांगून ठेव. अंगात परकर-पोलकं आहे. आईने वेणी इतकी घट्ट घातली आहे की भुवया वर ओढल्यासारख्या वाटतात. हातात पितळेचा डबा आहे. त्यात दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि डब्याचं झाकण सैल आहे म्हणून तो आडवा करायचा नाही.

प्रवासाची अट एकच. पुढच्या शंभर वर्षांत काय घडणार ते तुला सगळं आठवत राहील, पण त्यातला एकही शब्द तोंडातून बाहेर पडणार नाही. पडलाच तर बाई कपाळाला हात लावून बघतील, "ऊन लागलं का गं?" म्हणतील आणि सहल तुझ्यापुरती तिथेच संपेल.

ट्राम येते. मुंबईत आता दुमजली ट्रामही धावतात, आणि सगळ्या मुलींना वरच बसायचं असतं. बाई नऊवारीचा पदर खोचून खाली दाराशी उभ्या राहतात आणि एकेकीला आत लोटतात. "वर कोणी जायचं नाही. डोकं बाहेर काढायचं नाही. डबा आत्ता उघडायचा नाही." धोबीतलाव मागे पडतं. फ्लोरा फाउंटनपाशी एक मोटारबस घरघरत जाते आणि अख्खी ट्राम तिच्याकडे वळून बघते. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस जुलै 1926 मध्ये सुरू झाली, म्हणजे नवलाई अजून ओसरलेली नाही. तुझ्या शेजारी बसलेल्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. ती या सहलीला आली ती आईच्या पाया पडून, रडून. लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा यायला अजून दोन वर्षं आहेत. हे तुला माहीत आहे, तिला नाही. ती खिडकीतून बस बघते आहे.

मग काळा घोडा. तुझ्या काळात तिथे बरीच वर्षं नुसतं नाव होतं, आणि 2017 मध्ये जो घोडा बसवला त्याच्या पाठीवर स्वार नाही. इथे अजून मूळचा आहे: काळाभोर घोडा, त्यावर सातवा एडवर्ड. हा पुतळा राणीच्या बागेत हलवतील 1965 मध्ये.

समोर म्युझियम. तू नकळत त्याच्या शेजारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हॉर्नबिल हाऊस शोधतेस. ते नाही, त्याला अजून काही दशकं आहेत. बाकी इमारत तशीच आहे, फक्त दगड नवा दिसतो. कुर्ल्याचा निळसर काळा, मालाडचा पिवळट, आणि वर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट. कोनशिला 1905 ची, पण लोकांसाठी दारं उघडली ती 10 जानेवारी 1922 रोजी. मधल्या महायुद्धात इथे जखमी शिपायांचं इस्पितळ होतं. ज्याने हे सगळं कागदावर रेखाटलं तो जॉर्ज विटेट गेल्याच वर्षी मुंबईत वारला. गेटवेही त्याचाच. एका माणसाच्या हाताने शहराचा चेहरा इतका ठरावा याचं मला नेहमीच थोडं भय वाटतं, पण ते राहू दे. बाईंनी रांग लावली आहे.

आत गारवा आहे. घुमटाखाली मान वर करून बघताना दोघी-तिघी एकमेकींवर आदळतात. बुद्धमूर्ती, चिनी भांडी, तलवारी या सगळ्यांवरून बाई तुम्हाला झपाट्याने पुढे नेतात, कारण आजची सहल "प्राण्यांची" आहे. शाळेने तसं ठरवलं आहे आणि बाईंनाही तेच हवं आहे.

दालनाच्या दारातच वास येतो. डांबराच्या गोळ्या, ताजं व्हार्निश आणि त्याखाली आणखी काहीतरी, कातडी चपलांच्या दुकानात येतं तसलं. वाघ बघून पुढच्या मुली "अगं बाई!" म्हणून मागे सरतात आणि मागच्या त्यांना पुढे ढकलतात. गवा आहे, सांबर आहे, अस्वल आहे. विभाग नवा आहे, त्यामुळे सगळंच मांडून झालंय असं वाटत नाही. एका कोपऱ्यात शिडी उभी आहे आणि तिच्या पायरीवर कोणीतरी रंगाचा ब्रश विसरलं आहे. काचेवर बोट लावायचं नाही असं बाई पुन्हा पुन्हा सांगतात. काचेच्या आतल्या जनावरांना का शिवायचं नाही याचं खरं कारण त्या सांगत नाहीत, बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसावं. कातडं किड्यांनी खाऊ नये म्हणून त्याला आतून सोमलाचा साबण चोळतात. सोमल म्हणजे विषच.

काळविटापाशी सगळ्या त्याचे डोळे बघतात. तू मात्र खाली वाकतेस.

दर आठवड्याला शिवणाचा तास असतो. धावदोरा झाला, तुरपाई झाली, आता काजं चालू आहेत. म्हणून तुझी नजर आपोआप शिवणीवर जाते. काळविटाच्या पोटाखाली, पांढऱ्या केसांच्या भांगात, ती आहे. जाड, मेण लावलेला दोरा. टाका एकसारखा, दाट. तू नीट बघतेस: सुई दर वेळी आतून बाहेर काढलेली आहे, एकदा या कडेने, एकदा त्या कडेने. बाहेरून आत घातली असती तर दोऱ्याबरोबर केसही आत ओढले गेले असते आणि शिवण उघडी पडली असती. पुढच्या पायाजवळ मात्र शिवणाऱ्याचा दोरा संपला असावा. तिथे गाठ आहे आणि गाठीनंतरचा दोरा किंचित गडद आहे. तुझ्या शिवणाच्या बाईंनी हे पाहिलं असतं तर उसवायला लावलं असतं.

लोक म्हणतात पेंढा भरलेला वाघ, पेंढा भरलेलं हरीण. पेंढा भरून उभं केलेलं जनावर लवकरच गोणपाटासारखं दिसायला लागतं. चांगला कारागीर आधी जनावराची मापं घेतो, मग लोखंडी सळ्या, लाकूड, लाकडाचा भुसा आणि प्लास्टर यांचं धड घडवतो, स्नायूंच्या उंचवट्यांसकट, आणि त्यावर कमावलेलं ओलं कातडं चढवतो. म्हणजे या काळविटात काळविटाचं असं कातडं, शिंगं आणि खूर एवढंच. डोळे काचेचे. नाकाचा ओलसर काळेपणा रंगाचा. तो मेल्यावर जसा होता तसा तो इथे नाही. तो जिवंत असताना कसा उभा राहत असेल याचा एका माणसाने बांधलेला अंदाज इथे उभा आहे, आणि तो अंदाज चुकला तर शंभर वर्षं शाळेच्या मुली चुकीचं काळवीट बघत राहणार.

"मागे कोण राहिलंय? ऊठ गं, परकर मळेल!"

तू उठतेस.

ही जनावरं आली कुठून? बाई इंग्रजी पाटी वाचून सांगतात की बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडून. मुलींना वाटतं ही साहेबांची कुठली तरी संस्था. तशी ती आहेही. पण 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या म्युझियममध्ये ज्या आठ जणांनी ती काढली, त्यांत दोघे मराठी डॉक्टर होते. एक आत्माराम पांडुरंग. त्यांनी आपल्या सोबत्यांबरोबर प्रार्थना समाज स्थापन केला, ज्याच्या मंदिरावरून तुमची ट्राम सकाळी आली. दुसरे सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे जाणकार. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं आणि मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. खटला देशभर गाजला. पुढे ती डॉक्टर झाली, आणि आज, 1927 मध्ये, ती हयात आहे, काठेवाडात बायकांच्या इस्पितळात काम करते आहे. तुला हे तुझ्या शेजारच्या मुलीला सांगावंसं वाटतं. यातलं काही भविष्यातलं नाही, म्हणजे अट आड येत नाही. पण अकरा वर्षांच्या मुलीने लग्न ठरलेल्या मैत्रिणीला म्युझियमच्या रांगेत रखमाबाईंचं नाव सांगायचं आणि ते संध्याकाळी दोन्ही घरांत पोचायचं! तू तिचा हात धरतेस, एवढंच. तिला वाटतं तू वाघाला भ्यालीस.

पक्ष्यांच्या दालनात एक गृहस्थ थांबले आहेत. सडपातळ, तिशीचे. शाळांच्या मुलांना आणि इतर पाहुण्यांना प्राण्या-पक्ष्यांची माहिती सांगायला म्युझियमने एक जागा निर्माण केली आहे, गाइड लेक्चररची, पगार दरमहा 350 रुपये. त्या जागेवर 1926 पासून हे आहेत. तू रांगेत मागे आहेस, पुढे उंच मुली आहेत, आणि दालनात आवाज घुमतो. ते काय सांगताहेत ते तुझ्यापर्यंत धड पोचत नाही. दिसतात ते त्यांचे हात. हात आधी चोचीचा आकार करतात, मग पंखाचा, मग काचेमागच्या फांदीवरच्या पक्ष्याकडे जातात. बाई मान डोलावतात. त्यांना नाव विचारायचं सुचत नाही, आणि सुचलं असतं तरी ते नाव आज कोणाच्या लेखी काही नाही. सलीम अली.

त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नाही. ब्रह्मदेशात केलेला धंदा बसला. हे सगळं तुला आठवतं आणि पुढचंही: पुढच्या वर्षी ते रजा घेऊन जर्मनीला जातील, बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकतील, आणि परत येतील तेव्हा पैशाअभावी ही जागाच रद्द झालेली असेल. मग बिऱ्हाड समुद्रापलीकडे किहीमला. तिथे सुगरणीच्या वसाहतीखाली तासन् तास बसून ते जे लिहितील त्यावरून जगातले पक्षीतज्ज्ञ त्यांना ओळखू लागतील. नोकरी गेली नसती तर हा माणूस कदाचित मुलींच्या रांगांना चोचींचे आकार दाखवतच निवृत्त झाला असता. तेही वाईट काम नव्हतं, असं मला वाटतं. पण तुझ्या मागच्या दोघी कुजबुजताहेत की डबे कधी खायचे.

इथे जरा सटकू. बाई मोजणी करतील तेव्हा तू परत असशील.

एकोणीस वर्षं मागे, 1908. फोर्टात 6, अपोलो स्ट्रीट. फिप्सन अँड कंपनी या दारूच्या व्यापाऱ्यांची जागा, आणि तिथेच सोसायटीचं बिऱ्हाड. मानद चिटणिसांच्या खुर्चीमागे एक जिवंत धनेश बसलेला आहे, नाव विल्यम. तो 1894 पासून इथे आहे आणि 1920 पर्यंत राहणार आहे. भली मोठी पिवळी चोच, त्यावर शिंगासारखा टोप, आणि नजर अशी की वर्गणी थकवलेल्या सभासदाने खाली बघावं. दारातून एक मुलगा येतो, तुझ्याच वयाचा, तुझ्याच गिरगावातल्या खेतवाडीचा. हाच लहानगा सलीम. आईबाप लहानपणीच गेले, मामाने वाढवला. हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी. हवेच्या बंदुकीने त्यानेच मारली, पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ही कुठली चिमणी ते मामालाही सांगता येईना. मामाने चिठ्ठी देऊन इकडे पाठवलं. चिटणीस मिलर्ड साहेब चिमणी ओळखतात आणि मग त्याला हाकलून न देता एकेक खण ओढून दाखवायला लागतात.

खण बघ. दालनातल्यासारखे फांदीवर बसवलेले पक्षी इथे नाहीत. हे उताणे झोपवलेले आहेत, शेजारी शेजारी, चोची एका दिशेला. डोळ्यांच्या जागी कापूस. पंख मिटलेले, पाय एकमेकांवर ठेवून दोऱ्याने बांधलेले आणि त्याच दोऱ्याला एक चिठ्ठी. देखणेपणाचा इथे काही संबंध नाही. चिठ्ठीवर बारीक अक्षरात: जात, नर की मादी, कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी मारला. बुबुळाचा रंग, चोचीचा, पायांचा. तेही लिहावं लागतं, कारण पिसांचा रंग टिकतो पण या उघड्या भागांचे रंग काही दिवसांत उडतात. नर की मादी हे पुष्कळ जातींत पोट फाडल्याशिवाय कळत नाही, आणि पोट एकदाच फाडता येतं. त्या वेळी लिहिलं नाही तर कायमचं गेलं.

चिठ्ठी नसेल तर खणातला पक्षी म्हणजे कापूस भरलेली पिसं. चिठ्ठी खोटी असेल तर काय होतं, ते बघायला पुढे जावं लागेल. पण त्याआधी आणखी मागे, खानदेशात, 1884.

जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात एक पिंगळा मारतो. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याहून हा वेगळा: डोकं मोठं, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, चोच आणि नख्या दणकट, पाय पिसांनी भरलेले. रानपिंगळा. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने 1873 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. डेव्हिडसनने मारलेले नमुने यथावकाश लंडनच्या संग्रहालयात पोचतात, आणि त्यानंतर हा पक्षी कोणाला दिसत नाही. जगभरात मिळून नमुने सात. सोसायटीने 1911 मध्ये सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली तीही खानदेशातूनच, आणि 1923 पर्यंत देशभरातून सुमारे 25 हजार नमुने जमले. त्यांची गोष्ट वेगळी आहे. रानपिंगळा मात्र गप्प.

सातांपैकी एका नमुन्याची चिठ्ठी म्हणत होती: 1914, गुजरातेत मांडवी, मारणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश लष्करातला माणूस, पक्ष्यांचा मोठा जाणकार म्हणून नाव. 1937 मध्ये सलीम अली अफगाणिस्तानात पक्षी जमवायला गेले ते याच्याच बरोबर. आता 1884 आणि 1914 या दोन तारखांपैकी कोणीही अलीकडचीच धरणार. ज्यांनी रानपिंगळा शोधला त्यांनी ही चिठ्ठी खरी मानली, आणि हाती काही लागलं नाही.

अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन 1990 च्या दशकात या कातड्या एकेक करून तपासायला बसल्या. प्रत्येक कारागिराची कापूस भरण्याची, पाय बांधण्याची, टाका घालण्याची लकब असते. 1914 च्या रानपिंगळ्यात दोन हातांच्या खुणा निघाल्या. मूळ हात डेव्हिडसनचा. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून तो नमुना चोरला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि पायाला स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली होती. एकच नव्हे, त्यांनी दिलेल्या संग्रहात असे कितीतरी निघाले. मांडवी बाद झाली. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी उरलेल्या खऱ्या, जुन्या चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि त्या म्हणतील तिथे जायचं ठरवलं.

25 नोव्हेंबर 1997, शहादा. तेव्हाचा धुळे जिल्हा, आताचा नंदुरबार. सकाळची वेळ, विरळ सागाचं जंगल, आणि उघड्या फांदीवर उन्हात बसलेला रानपिंगळा. 113 वर्षांनी. तो दिवसाढवळ्या हिंडणारा पिंगळा आहे, लपूनछपून राहतच नव्हता. सातपुड्यातल्या गावांतल्या माणसांनी तो मधल्या काळात रोज पाहिला असणार, त्यांना कोणी विचारलं नाही एवढंच. पुढे तो मेळघाटात सापडला आणि 2014 मध्ये मुंबईच्या उशाशी, तानसा अभयारण्यात.

मघाशी तू काळविटाच्या पोटाखाली टाका बघत बसलीस आणि ओरडा खाल्लास, ते एवढ्यासाठी सांगितलं.

चल परत. बाई मोजताहेत: "...सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एकोणतिसावी कुठाय?" तू हात वर करतेस.

डबे खायला बाहेर सोडण्याआधी शेवटचं कपाट. शिकारी पक्षी. गरुड, ससाणा, घार, आणि खालच्या अंगाला पांढऱ्या पाठीचं गिधाड. मुली खो खो हसतात. "शी! याला कशाला ठेवलंय?" "अगं, हे तर आमच्या माळ्यावर बसतं!" मार्गशीर्षातली नवरी मान वाकडी करून, खांदे वर घेऊन गिधाडाची हुबेहूब नक्कल करते आणि बाईसुद्धा पदर तोंडाला लावतात. खरंच आहे. मलबार टेकडीवरच्या पारशांच्या अंत्यविधीच्या डोंगरवाडीवर गिधाडं घिरट्या घालतात ती चौपाटीवरून दिसतात. गाव तिथे मेलेली गुरं आणि मेलेली गुरं तिथे गिधाडं. ती मोजायची कोण आणि कशाला? कावळे कोणी मोजतं का?

तुझ्या घशाशी येतं ते इथे. तुला ठाऊक आहे की 1990 च्या दशकात ही मरायला लागतील, झाडावर माना खाली टाकून. भरतपूरला विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात शिकारी पक्ष्यांची गणना केली होती. तीच गणना त्यांनी 1996 पासून पुन्हा केली, म्हणून घट किती ते आकड्यांत दाखवता आलं. कारण सापडायला 2004 उजाडेल: गुरांना देतात ते डायक्लोफेनॅक. साधं दुखणं कमी करायचं औषध. ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. सरकारने 2006 मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातलं एकही उरलं नव्हतं. डोंगरवाडीवरचं आकाश रिकामं झालं आणि पारशी पंचायतीला मृतदेहांसाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. रायगडातल्या म्हसळ्याजवळ चिरगावला थोडी राहिली, तर ती बघायला लोक मुंबईहून गाड्या काढून जाऊ लागले.

तोंड उघडतेस. आवाज फुटत नाही. अट अट आहे.

बाहेर हिरवळीवर डबे उघडतात. तुझं झाकण व्हायचं तेच झालं आहे, चटणी रुमालाला लागली आहे. घारी वर फिरताहेत. एक झडप घालून कोणाची तरी पुरणपोळी उचलते आणि रडारड होते. बाई आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिला देतात. परतीच्या ट्राममध्ये निम्म्या मुली झोपतात.

अट बोलण्यापुरती होती. मोजायला कोणी मना केलेलं नाही.

पुढचे दोन दिवस शाळेला सुट्टी आहे. दोन्ही सकाळी तू चाळीच्या गच्चीवर जातेस. आजी ओरडते की दूध नासेल, खाली ये. तू मलबार टेकडीच्या दिशेने तोंड करून उभी राहतेस आणि बोटांवर मोजतेस. घारी वगळून. घारीच्या शेपटीला खाच असते, गिधाडाची आखूड आणि सरळ, एवढं म्युझियममधल्या त्या गृहस्थांच्या हातांच्या हालचालींवरून कळलं होतं. आकडा वहीच्या मागच्या पानावर, शेजारी तारीख आणि वेळ.

तिसऱ्या दिवशी निबंध. 'आमची सहल.' बाकी सगळ्या वाघापासून सुरुवात करतात, तूही करतेस. वाघ, गवा, अस्वल, दालनाची भव्यता, माहिती सांगणाऱ्या गृहस्थांचे आभार. काळविटाचा टाका चांगला आहे पण पुढच्या पायाशी दोरा बदललेला आहे, हेही. आणि शेवटी: "गिधाडही होते. ते पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नव्हते. ठाकुरद्वार येथील आमच्या गच्चीवरून शनिवारी सकाळी आठ वाजता मलबार टेकडीवर एकतीस गिधाडे उडताना दिसली, रविवारी त्याच वेळी सव्वीस."

वही तपासून येते. टाक्याच्या वाक्याखाली बाईंनी बरोबरची खूण केली आहे. गिधाडांच्या ओळींवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबड्या शाईची रेघ आहे आणि समासात सुबक मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात शेरा: विषय सोडून लिहू नये. दहापैकी सहा.